विहीर क्रमांक एकतीसबद्दल एक शंका

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
रविवार, ८ जून २०२५

मृणालिनी,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. ‘प्रिय’ लिहायचा हक्क राहिलाय का, ठाऊक नाही. ‘स.न.वि.वि.’ लिहिलं तर तू हसशील. म्हणून नुसतं नाव. अक्षर ओळखलंस ना? नसेल ओळखलं तर खाली सही आहे.

तुझा वर्ध्याचा पत्ता ज्ञानदाने दिला. आपल्या दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे, त्यात तू नाहीस. ज्ञानदा म्हणाली, “मिनूला विचारूसुद्धा नकोस, ती यायची नाही.” बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली. आपण का बोलत नाही ते तुलाही माहीत आहे आणि मलाही, त्यामुळे ते आज नको. मी तेव्हा डस्टर झटकायला बाहेर गेले होते. ते तुला बसस्टॉपवर सांगितलंच होतं.

आज लिहायला बसले त्याचं कारण एक वास. सोमवारी मी एका सरकारी ऑफिसात इंटर्न म्हणून लागले. हस, मीही हसले. अठ्ठावन्नाव्या वर्षी गळ्यात फोटोचं ओळखपत्र घालून ‘समर इंटर्न’! दिगंबर, माझे मिस्टर, गेले त्याला चार वर्षं झाली. नकुल, माझा मुलगा, इथे डेटा सेंटरमध्ये असतो. घरात बसून मी भिंतींशी बोलायला लागले, तेव्हा त्यानेच मला कॉलेजात घातलं. दोन वर्षं पोरासोरांबरोबर बसून पाणी तपासणीचा कोर्स केला. त्याच्या शेवटी ही इंटर्नशिप. ऑफिसचं नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली आहे, आणि मी सह्या फार मनावर घेते.

डोंगराच्या पायथ्याशी, घरापासून सव्वा तासावर आहे. तिकडे शेतं, आणि शेतातल्या घरांना नळ नाहीत, स्वतःच्या विहिरी. त्या विहिरींचं पाणी तपासून लोकांना कळवायचं, एवढंच काम. शेतातलं खत जमिनीतून झिरपतं, पाण्यात नायट्रेट वाढतं. दहाच्या वर आकडा गेला की ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नये. कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

तर तिथल्या प्रयोगशाळेचं दार उघडलं, आणि आपली शाळा. स्पिरिट, ओलं लाकूड, रबराच्या नळ्या. मी दाराची मूठ धरून उभीच राहिले.

“काकू, बरं वाटत नाही का?” कुणीतरी मराठीत विचारलं. आश्लेषा. आपल्या हिंगणघाटची. इथे एम.एस. केलं आणि आता या प्रयोगशाळेत आहे. एकोणतीस वर्षांची, दोन वेण्या घातल्या तर नववीतली वाटेल. माझ्या आडनावावरून तिने ओळखलं होतं. दुपारी माझ्या डब्यातली दोडक्याच्या शिरांची चटणी तिने बोटाने पुसून खाल्ली.

आमच्या प्रमुख डायान. साठीच्या आसपास, आखूड पांढरे केस. दार कायम उघडं, टेबलावर गोळ्यांची बरणी, आणि मागे भिंतीवर हाताने लिहिलेली पाटी: कुठलाही प्रश्न छोटा नसतो. एकोणीस माणसांच्या ऑफिसात कुणाच्या आईचं ऑपरेशन कधी आहे हे तिला तोंडपाठ. बुधवारी विहिरीवर गेलो तेव्हा माझे गमबूट चिखलात रुतले, तर ही बाई गुडघ्यावर बसून माझा बूट ओढत होती! मला सू म्हणते. म्हणाली, “सू, तुझं इंग्लिश किती सुंदर आहे. कुठे शिकलीस?” मी म्हटलं, नन्सकडे.

शुक्रवारी तर तिने मला समोर बसवून घेतलं. आश्लेषाच्या वहीतले आकडे मी मोठ्याने वाचायचे, तिने वार्षिक अहवालात भरायचे. मॉनिटर झाल्यासारखं वाटलं.

आणि तू आठवलीस, कारण मॉनिटर तू होतीस.

सुलेखा

रविवार, २२ जून

मिनू,

पहिलं पत्र पोस्टात टाकलेलं नाही. पाकीट ड्रॉवरमध्ये आहे. हेही बहुधा तिथेच जाईल, तरी लिहिते, कारण हे सांगायला दुसरं कुणी नाही.

मी एक चूक केली आहे. एका शब्दाची.

अहवालाची प्रत सगळ्यांना तपासायला ईमेलने आली, ती मी छापून घेतली. मला तपासायला सांगितलं म्हणजे मी तपासणारच, ओळ न् ओळ, पट्टी ठेवून. विहीर क्रमांक एकतीस: ४.२. मला आठवत होतं की मी चौदा पूर्णांक दोन वाचलं होतं. मला वाटलं, माझा उच्चार. फोर्टीन म्हणताना माझा टीन गिळला जातो, नकुलसुद्धा चिडवतो. म्हटलं, नम्रपणे विचारावं. आणि विचारायची आपली रीत कुठली? हात वर करायचा आणि म्हणायचं: सिस्टर, आय हॅव अ डाउट.

तेच लिहिलं. ‘रिस्पेक्टेड मॅडम, आय हॅव अ डाउट रिगार्डिंग वेल नंबर थर्टी-वन. काइंडली डू द नीडफुल.’ आणि ज्या ईमेलवर अहवाल आला होता, तिलाच उत्तर दिलं. त्यात एकोणीस माणसं होती, आणि वरच्या मुख्यालयातली चार.

बावीस वर्षं या देशात राहते मी. पण शंका विचारल्या त्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात, गणपतीच्या मीटिंगमध्ये नाहीतर दिगंबरांना. कुणी सांगितलंच नाही, की इथे डाउट म्हणजे प्रश्न नव्हे. डाउट म्हणजे संशय. मला तुमच्यावर विश्वास नाही, तुम्ही खोटं लिहिलंय, असं मी तेवीस जणांना सांगून बसले होते.

पाच मिनिटांत ऑफिस गप्प झालं. तुला हे नीट कळायचं तर आधीच सांगायला हवं होतं: तिथे सगळे भ्यालेले असतात. दर शुक्रवारी दुपारी मुख्यालयाची ईमेल येते आणि सोमवारी एखादं टेबल रिकामं असतं. कुंडी, फोटो, मग, काही नाही. फ्रिजमधल्या डब्यांवर लोक नावं टाकेनासे झालेत. नवे वरिष्ठ आले आहेत, त्यांना लहान ऑफिसं बंद करायची आहेत आणि कारण हवं आहे. पहिल्या आठवड्यात मला हे दिसलं नाही. मी गोळ्यांची बरणी पाहत होते.

डायानने मला बोलावलं आणि दार लावलं. ते दार लागतं हे मला माहीतच नव्हतं. भिंतीवरच्या पाटीखाली ती बसली होती आणि तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते.

“सू, तुला नेमका कसला संशय आहे?”

मी समजावलं. आमच्याकडे असं म्हणतात, शाळेत, नन्स. मी ‘शंका’ हा शब्दसुद्धा उच्चारून दाखवला. ती आधी बघत राहिली, मग हसायलाच लागली, डोळे पुसत. “म्हणजे तुला संशय नाही! तुझा फक्त प्रश्न होता!” उठून तिने मला मिठी मारली. तिच्या पाठीचं थरथरणं मला हाताला लागलं.

मग म्हणाली, “हे एका ओळीत लिहून देशील? वरच्यांना दाखवायला. भाषेचा गैरसमज झाला, एवढंच.”

मी लिहून दिलं. भाषेतल्या फरकामुळे शब्द चुकला, अहवालातल्या आकड्यांविषयी मला कोणतीही शंका नाही. आय हॅव नो डाउट. खाली सही, तारीख.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नव्हतं, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

नकुल संतापला. “आई, रिप्लाय ऑल? सीरियसली? पाठवायच्या आधी मला दाखव ना यार!” थोड्या वेळाने कॉफी घेऊन आला आणि हळू बोलला, “तू अजून ग्रीन कार्डवर आहेस. इंटर्न आहेस. ऑगस्टपर्यंत खाली मान घाल आणि ये. प्रॉमिस?”

मी प्रॉमिस केलं. मान खाली घालायला मला कुणी शिकवायला नको.

सुलेखा

रविवार, ६ जुलै

मिनू,

पाण्याचं निस्तरलं. हे आधी सांगते म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. माझी ती मूर्ख ईमेल मुख्यालयातल्या कुणीतरी वाचली, आणि कुतूहल म्हणून पुन्हा तपासणी करवली. एकतीस नंबरची एकटीच नव्हे, सहा विहिरी निघाल्या. कुठे चौदाचे चार झालेले, कुठे अकराचा एक. सहाही ठिकाणी पुढचा एकच गळलेला. त्या घरांना फोन गेले, बाटल्यांचं पाणी गेलं. एका घरी चार महिन्यांची मुलगी आहे. तिला काही झालेलं नाही. मी दोनदा विचारलं. एकतीस नंबर तेच घर.

आता पाणी सापडलं, तेव्हा माणूस हवा आहे.

गुरुवारी डायानने सगळ्यांना बसवून सांगितलं. आवाज मऊ, नेहमीसारखा. चूक प्रयोगशाळेत झाली. वहीतले आकडे वाचता येत नाहीत. आश्लेषा एक लिहिते तो म्हणजे नुसती उभी रेघ, ना वर टोपी ना खाली पाट. रकान्याच्या छापील रेघेला तो चिकटतो आणि रेघच वाटतो. तिने पानाची झेरॉक्स पडद्यावर दाखवली. आणि खरंच, मिनू, झेरॉक्समध्ये काळ्यावर काळं, रेघच वाटत होती.

मी माझ्या वहीत पाहिलं. माझाही एक तसाच. तुझाही तसाच असणार. आपल्याला तसाच शिकवला. सिस्टर ओडिलिया पट्टी घेऊन फिरायच्या: स्ट्रेट अ‍ॅज अ सोल्जर, गर्ल्स.

पण वहीत छापील रेघ निळी आहे आणि आश्लेषाचं पेन काळं. झेरॉक्समध्ये तेवढंच हरवतं.

तिची कामाची परवानगी शिक्षणाला जोडलेली आहे. ऑगस्टमध्ये या ऑफिसने कागदावर सही केली तर आणखी दोन वर्षं, नाही केली तर साठ दिवसांत सामान बांधायचं. शिवाय ‘निष्काळजी’ हा शब्द फाइलमध्ये राहिला, तर दुसरी कुठली प्रयोगशाळा तिला घेईल? हिंगणघाटला तिचे वडील शिकवण्या घेतात. गावात पेढे वाटले होते त्यांनी.

दुपारी ती माझ्याजवळ आली. डबा उघडला नव्हता. “काकू, वही तर तुम्हीच वाचून दाखवली होती ना मॅडमना? तुम्हाला एक दिसला होता ना?”

मी म्हटलं, “अगं, त्या दिवशी माझा जवळचा चष्मा घरी राहिला होता.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. चष्म्याशिवाय पन्नास विहिरींचे आकडे वाचणारी बाई. मग म्हणाली, “असू द्या, काकू. तुम्ही टेन्शन घेऊ नका,” आणि माझाच डबा मला बंद करून दिला.

डायानबद्दल तुझं मत वाईट व्हावं असं मला वाटत नाही. विचित्र आहे ना? पण मी तिला जवळून पाहते आहे. मुख्यालयाचा फोन आला की ती उभी राहून बोलते. एकोणीस माणसांची नावं तिच्या टेबलाच्या काचेखाली आहेत आणि ज्यांना काढलं त्यांच्यावर तिने रेघ मारलेली नाही. अहवाल वाईट गेला असता तर ऑफिस बंद झालं असतं. एकोणीस वाचवायचे तर एक द्यावा, असं कुणाच्याही मनात येईल. वरच्या खुर्चीतली माणसं वाईट नसतात गं. घाबरलेली असतात. आणि ते भय उतरणीचं पाणी असतं, सगळ्यात खाली जो उभा असतो त्याच्या पायाशी साचतं.

राजधानीतून चौकशीला एक बाई येणार आहे. एकेकाला आत बोलावणार. माझी पाळी २२ तारखेला. माझ्या हातांना घाम येतो, स्टिअरिंग निसटतं, म्हणून मी आता उजव्या लेनमधूनच जाते. मागचे लोक हॉर्न देतात.

सांगायला माझ्याजवळ काहीच नाही. मी फक्त वाचलं. त्यांना काय ऐकू आलं ते मला काय माहीत?

सुलेखा

शनिवार, १९ जुलै

मिनू,

तीन दिवसांवर आलं. सकाळपासून हात चालत नव्हते म्हणून स्वयंपाकघराचे सगळे खण काढून पुसले. आता एक लिहिते, मग दुसरं. क्रम बदलला तर धीर होणार नाही.

पहिलं. त्या शुक्रवारी चष्मा माझ्या नाकावर होता. मी वाचलं, “थर्टी-वन. फोर्टीन पॉइंट टू.” डायानने टाइप केलं आणि पुटपुटली, “फोर पॉइंट टू.” मला वाटलं माझा उच्चार, म्हणून मी अंक फोडून सांगितले, “वन, फोर. वन फोर पॉइंट टू.” तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही. अगदी मायेने म्हणाली, “आय हर्ड यू, हन.”

ऐकलं मी, बाळा.

मग मी पुढचा आकडा वाचला. आणि त्याच्या पुढचा. सहाही वेळा तिने पुढचा एक गाळला आणि मी वाचत गेले, आवाज न बदलता, जशी प्रेअर वाचायचे. म्हणजे ईमेल लिहिली तेव्हा मला प्रश्न पडलेला नव्हता. मला माहीत होतं. मी रविवारभर त्या ‘डाउट’ शब्दाशी खेळत होते. असा शब्द, की कुणी रागावलं तर म्हणता येईल, छे छे, आमच्याकडे नुसतं विचारण्याला असं म्हणतात. चूक नव्हती ती, मिनू. आडोसा होता. डायानने मला तिथून बाहेर यायला दार दाखवलं तेव्हा मी इतक्या चटकन सही केली, कारण ते दार माझंच होतं.

दुसरं.

आपल्या लॅबमधला बॅरोमीटर. आयर्लंडहून आलेला, काचेच्या लांब नळीचा, पितळी पाटीचा. त्याला हात लावायची परवानगी सिस्टर ओडिलियांना आणि लॅब मॉनिटरला, म्हणजे तुला. तो गुरुवार होता, शेवटचा तास सुटला होता. मी फळा पुसत होते. सिस्टर नवीन कॅलेंडर लावायला स्टुलावर चढल्या आणि उतरताना त्यांची बाही अडकली. आवाज फार मोठा झाला नाही. पारा फरशीवर पळत सुटला, चांदीचे मणी, बाकांखाली, माझ्या बुटांपर्यंत. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंड पांढरं. त्या वर्षी मोठ्या मदर येणार होत्या, बॅरोमीटर बघायला. सिस्टरना मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला पाहिलं. जवळ येऊन माझ्या केसांवरची खडूची भुकटी झटकली आणि म्हणाल्या, “रन अलाँग, चाइल्ड.”

मी पळाले. डस्टर माझ्या हातातच होतं, ते मी बाहेर जाऊन झटकलं. म्हणजे तुला सांगितलं ते तेवढंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी असेम्ब्लीत तुझं नाव घेतलं. सिस्टरनी मला ऑफिसात बोलावलं, तुझे बाबा समोर बसले होते, टोपी मांडीवर. “सुलेखा, यू वेअर क्लीनिंग द बोर्ड. डिड यू सी एनीथिंग?” त्यांनी हे मला, मलाच विचारलं. आणि मी म्हटलं, “नो, सिस्टर.”

तुझे बाबा उठले. पोस्टमास्तर होते, खोटं बोलणाऱ्याला पोस्टात उभं करत नसत असं सगळे म्हणायचे. तुला त्याच आठवड्यात शाळेतून काढलं. तुझ्या दाखल्यावर वर्तनाच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मला ज्ञानदाने या वर्षी सांगितलं. त्यानंतर तुला कुठल्या कॉलेजने सायन्सला घेतलं नाही हेही. तुला पाण्याचं, हवेचं, दाबाचं किती वेड होतं. या ओळखपत्रावर तुझा फोटो असायला हवा होता.

मंगळवारी ती बाई मला विचारेल. माझी सही केलेली ओळ तिच्याजवळ असणार. खरं बोलले तर ती ओळ खोटी ठरते, आणि सरकारला खोटं लिहून देणाऱ्या बाईचं ग्रीन कार्ड राहतं का, हे मी नकुलला विचारू शकत नाही. त्याने प्रॉमिस घेतलंय.

मला भीती वाटते. अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी तीच, पोटात थंड पारा पळावा तशी.

सुलेखा

शनिवार, २६ जुलै

मिनू,

ऐक.

चौकशीची बाई म्हणजे मिस ग्रेसन. माझ्याच वयाच्या, काळ्यासावळ्या, उंच, राखाडी सूट, आणि गळ्यात साखळीला बारीकसा क्रूस. समोर तीन कागद: माझी ईमेल, माझी सही केलेली ओळ, आणि आश्लेषाची वही. झेरॉक्स नाही, खरी वही. खोलीत ऊन होतं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, “इथे तुम्ही लिहिलंय, तुम्हाला संशय आहे. इथे लिहिलंय, नाही. मला आपलं समजून घ्यायचंय, दोन्हीतलं खरं कुठलं?”

मी शब्दाचं सांगायला लागले. डाउट, शंका, नन्स, शाळा. सगळं तयार होतं, महिनाभर घोकलेलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत, मान हलवत ऐकत राहिल्या. आणि मी बोलता बोलता थांबले, कारण मलाच माझा आवाज ऐकू आला. पंधरा वर्षांच्या मुलीसारखा.

त्यांनी वही माझ्याकडे वळवली, बोट ठेवलं. “हा आकडा तुम्ही वाचलात तेव्हा खोलीत दुसरं कुणी होतं?”

“डायान.”

“तुम्हाला हा एक दिसला?”

निळी रेघ, काळा एक. सैनिकासारखा ताठ.

“तुम्ही तो वाचलात? त्यांना ऐकू गेला?”

आणि मी उठून उभी राहिले. का, माहीत नाही. दोन्ही हात बाजूला, पाय जुळवून, आणि तोंडातून आलं, “येस, सिस्टर.”

माझे कान तापले. मला वाटलं, संपलं, आता यांचा अपमान केला मी. मिस ग्रेसनच्या भुवया वर गेल्या. मग क्रूसाला नकळत बोट लावत त्या म्हणाल्या, “चर्चच्या बाहेर मला या नावाने बऱ्याच वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.” पेन उचललं. “बसा. आता सुरुवातीपासून सांगा.”

बसले, सांगितलं. वन, फोर. आय हर्ड यू, हन. सही का केली तेही. रडले नाही. नाक मात्र वाहत होतं.

शेवटी मी विचारलं, या सहीबद्दल मला काय होईल? त्या म्हणाल्या, “मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही. मी जे ऐकलं तेवढं लिहीन.” हे ऐकून मला बरं वाटलं. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी वरच्या माणसाने मला धीर दिला नव्हता.

माझी इंटर्नशिप त्याच दुपारी संपली. ओळखपत्र दारावर घेतलं. आश्लेषाच्या फाइलमधला ‘निष्काळजी’ लिहिलेला तो कागद काढला आहे. परवानगीच्या कागदावर सही कोण करणार ते अजून ठरलं नाही, कारण डायानला रजेवर पाठवलं. ऑफिस राहणार की नाही, कुणाला माहीत नाही. एकोणीस माणसं आता माझ्याकडे कशी बघत असतील ते मला बघायचं नाही. आश्लेषाने मात्र पार्किंगपर्यंत येऊन माझी पिशवी गाडीत ठेवली. म्हणाली, “काकू, चष्मा सापडला वाटतं.” आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली, की माझा सगळा पदर... पदर कुठला, कॉलर भिजली.

डायान तिच्या गाडीशी उभी होती. खोकं बॉनेटवर, त्यात ती बरणी. मला टाळून जाता आलं असतं. मी गेले.

ती रागावली नाही. तेच वाईट. म्हणाली, “सू, तू मला सरळ विचारलं असतंस तर?”

मी म्हटलं, “विचारलं होतं, डायान. तीच तर शंका होती.”

नकुल दोन दिवस बोलला नाही. आज सकाळी वकिलाचा नंबर फ्रिजवर चिकटवून गेला, खाली लिहिलंय: आई, मंडे, टेन ओ’क्लॉक, मी येतोय बरोबर. भीती गेलेली नाही, मिनू. फोन वाजला की अजून दचकते.

या पाकिटात पाचही पत्रं घातली आहेत. तारखा बघून वाच. वाचताना तुला काही ओळींखाली पेन्सिलीची रेघ दिसेल. मी काल सगळी पुन्हा वाचली आणि जिथे जिथे खोटं लिहिलं होतं तिथे पट्टी ठेवून रेघ मारली. पहिल्या पत्रात डस्टरच्या ओळीखाली आहे. दुसऱ्यात जवळजवळ पानभर.

बसस्टॉपवर तू मला विचारलं होतंस, “तू होतीस ना तिथे?” नऊ नंबरची बस येत होती आणि तुझ्या हातात दाखला होता. तेव्हाच्या उत्तराखाली रेघ मार. खरं उत्तर हे.

हो. होते.

सुलेखा